बुधवारची धूळ

सुकुमार मगदूमला आधी गाडीचा संशय आला आणि मग बायकोचा. दोन्ही संशयांचं कारण एकच होतं, कांदाभजी. तीही नसलेली.

नसलेल्या भज्यांवरून संशय यायला माणूस मुरलेला असावा लागतो, आणि सुकुमार मुरलेला होता. तो विमा कंपन्यांसाठी अपघातात सापडलेल्या गाड्या तपासायचा. गाडी झाडावर आदळली असं कुणी सांगितलं की तो आधी झाडाची चौकशी करी. म्हैस आडवी आली म्हणणाऱ्याला म्हशीचा रंग विचारी, आणि 'काळी' असं उत्तर आलं की म्हणे, "सगळे काळीच सांगतात."

सांगलीत गाडी पाण्यानं धुवायला बंदी येऊन आता काही वर्षं झाली होती. कृष्णेचं पाणी माणसांनाच पुरेना, तिथं मोटारींना कुठून आणायचं? एकदा शंभर फुटी रस्त्यावर एक गृहस्थ भर दुपारी बादली आणि फडक्यासकट सापडले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोटो पेपरात असा छापून आला, की त्यांच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. पण गाडी मळकी ठेवणं हाही गुन्हाच होता, कारण हवेतल्या धुळीचा कायदा वेगळा होता. तेव्हा दर आठवड्याला गाडी कोरडी धुवून घेणं आलं.

पैसेवाले लोक गाडीवर जिवाणूंचा फवारा मारून घेत. जिवाणू सगळा मळ खाऊन टाकत, पण त्यानंतर दिवसभर गाडीला आंबलेल्या ताकाचा वास येई आणि गल्लीतली मांजरं बॉनेट चाटत बसत. कंजूष लोक जुन्या धोतराच्या फडक्यानं गाडी घासून तिच्यावर ओरखड्यांची रांगोळी काढत. उरलेले सगळे सुरंगीत, म्हणजे कोरड्या धुण्याच्या बोगद्यात, जात.

ही सुरंग विजेवर चालायची. केसांतून फिरवलेला कंगवा कागदाच्या कपट्यांजवळ नेला की कपटे उडी मारून त्याला चिकटतात, तसाच प्रकार, फक्त कंगवा एसटीएवढा. धुळीला विजेचा भार दिला की ती गाडी सोडून वरच्या पट्ट्यांवर जाऊन बसे. आधी वरचा ताजा थर निघे, मग त्याखालचा, म्हणजे अख्खा आठवडा कांद्यासारखा उलटा सोलला जाई. इथवर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण धुळीत विषारी काही आहे का ते बघायला म्हणून कुणीतरी पट्ट्यांना तपासनीस यंत्र जोडलं, आणि लक्षात आलं की प्रत्येक जागेची धूळ वेगळी असते. तिच्यात तिथली माती असते, तिथल्या झाडांचे परागकण, तिथली बुरशी, तिथं वावरणाऱ्या माणसांच्या कातडीचा भुगा असतो. हे सगळं वाचून यंत्र सांगू लागलं, की सोमवारी गाडी मार्केट यार्डात होती, मंगळवारी दवाखान्यात, आणि शनिवारी जिथं होती तिथं ती असायला नको होती.

हा अहवाल गाडीमालकाच्या मोबाइलवर जाई. मग काय विचारता! लग्नं जमवणारे पत्रिकेआधी धूळ मागू लागले. एक प्राचार्य सोलापूरच्या परिषदेला जाऊन आले, तर त्यांच्या गाडीवर समुद्राची वाळू निघाली. प्राचार्यांनी सोलापूरला समुद्र आहे असं शेवटपर्यंत सांगून पाहिलं.

मगदूमांची गाडी सुकुमारच्या आईच्या, म्हणजे आक्कांच्या नावावर होती. बाईच्या नावावर घेतली की सवलत मिळते म्हणून तशी घेतलेली. त्यामुळे दर गुरुवारी अहवाल आक्कांना येई, आणि पंचांग वाचावं तसा त्या तो चष्मा लावून मोठ्यानं वाचत. त्यात हा चातुर्मास. सगळ्या घरानं जैन बस्तीत, म्हणजे देवळात, महाराजांसमोर नियम घेतला होता, की चार महिने कंदमूळ वर्ज्य. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. आक्कांनी ते साऱ्या नातेवाइकांना फोन करून कळवलं होतं.

आणि सुकुमार दर मंगळवारी तपासणीच्या निमित्तानं अंकलीच्या फाट्यावर जाऊन, गाडीत बसून, काचा खाली करून, कांदाभजी खात होता.

भज्यांच्या कढईतून तेलाची वाफ उडते. ती गाडीवर बसते आणि तिच्यात कांदा असतो, हे त्याला फार उशिरा सुचलं. सुचलं त्या गुरुवारी तो सुरंगीबाहेर घामाघूम होऊन उभा होता. तेवढ्यात आक्कांचा फोन आला.

"आला बघ अहवाल. घर, ऑफिस, बस्ती, घर. बुधवारी पद्मजाचं महिला मंडळ. एवढंच. कित्ती स्वच्छ घर आपलं!"

सुकुमारला क्षणभर हायसं वाटलं. मग त्याच्यातला तपासनीस जागा झाला. मंगळवारी आपण भजी खाल्ली, हे नक्की. मग भजी गेली कुठं?

सुरंग चालवणारी आयेशा जमादार काचेच्या खोपटात शेंगा खात बसली होती.

"मॅडम, या अहवालातून एखादी गोष्ट गायब होऊ शकते का?"

"काय गायब झालंय?"

"काही नाही. समजा... एखादा पदार्थ."

आयेशानं त्याला वरून खाली पाहिलं. "साहेब, लोक जास्तीचं निघालं म्हणून भांडायला येतात. कमी निघालं म्हणून आलेले तुम्ही पहिलेच." तरीही तिनं पडद्यावर थर उघडून दाखवले. "हे बघा. सगळं बरोबर आहे. फक्त थराथरांच्या मधे हळद दिसतेय."

"सांगलीत हळद कुठं नसते?"

"सगळीकडे असते. म्हणून ती धुळीत मिसळलेली निघायला पाहिजे. ही मधेमधे पसरलीय, लाडूंच्या मधे कागद घालावा तशी. कुणीतरी थर उचलून पुन्हा मांडलेत." तिनं शेंगेचं टरफल फुंकलं. "हळदीच्या गोदामांजवळ असा धंदा चालतो म्हणतात. मी काही सांगितलं नाही."

आपली भजी कुणीतरी पुसली होती. पण नुसती भजी पुसायला एवढा खटाटोप कोण करील? ज्यानं भजी पुसली, त्यानं तिच्याबरोबर आणखी काहीतरी पुसलं असणार. आणि गाडी चालवणारी माणसं घरात दोनच होती.

संध्याकाळी पद्मजा वाटाणे सोलत होती. आक्का शेजारी माळ ओढत होत्या.

"मंडळ कसं झालं काल?" सुकुमारनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नेहमीसारखं."

"म्हणजे काय केलंत?"

"बायका जमल्या, बोलल्या, उठल्या." पद्मजानं वर न बघता विचारलं, "अहो, आज एवढी चौकशी? मंडळाचा विमा उतरवायचाय का?"

आक्का हसल्या. सुकुमारही हसला. "आणि तुमचा मंगळवार कसा गेला?" पद्मजानं विचारलं, आणि तो हसायचा थांबला. त्याची गोची अशी होती, की 'थर कुणी हलवले' असं विचारायचं तर 'तुला कसं कळलं' हे आलं, आणि ते सांगायचं तर आक्कांसमोर कांदा आला. चोराच्या उलट्या बोंबा मारायच्या, तर आधी आपण चोर हे कबूल करावं लागत होतं.

रात्रभर त्याच्या डोळ्यांपुढं एक माणूस येत राहिला. त्याला चेहरा नव्हता, पण तो कांदा खात नव्हता. बारा वर्षांच्या संसारात पद्मजानं आपल्याला शेवटचं कधी काही सांगितलं होतं, हे सुकुमारला आठवेना. तिला आपण शेवटचं कधी काही विचारलं होतं, तेही आठवेना.

हळदीच्या गोदामांमागं बाळगोंडा नानांचा पत्र्याचा आडोसा होता. आत फळ्यांवर लोणच्याच्या बरण्या होत्या आणि प्रत्येकीत धूळ. 'शाळा (पालकसभा)', 'दवाखाना', 'सासुरवाडी', 'जिम'.

"जिम सगळ्यात जास्त जाते," नाना म्हणाले. साठीचे, कपाळाला गंध, हातात रंगाऱ्याचा फवारा. "त्या धुळीत नुसता घाम घालावा लागतो. तुम्हाला काय लावू?"

सरळ विचारलं तर हा माणूस तोंड उघडणार नाही, हे सुकुमारनं ओळखलं. त्यानं तक्रार केली. धंदेवाल्याकडून खरं काढायचं असेल तर त्याच्या कामाला नावं ठेवावीत, हा त्याचा जुना अनुभव.

"मगदूमांची पांढरी गाडी. गेल्या बुधवारी महिला मंडळाचा थर पातळ पडला."

"पातळ?" नानांना ते लागलं. "विश्रामबागची अस्सल धूळ वापरलीय! बायकांच्या पावडरीसकट! आणि बाकीचं तर मी माझं काही लावतच नाही. त्या बाईंचीच धूळ उचलून ठेवतो आणि त्या परत आल्या की तीच पुन्हा लावतो. देवळाबाहेर चपला काढून ठेवाव्यात, तशी ती माउली इथं धूळ ठेवून जाते."

"ठेवून जाते? कुठं?"

"ते आम्ही विचारत नाही. पण येते तेव्हा गाडी नुसती आरसा असते. इतकी चकचकीत गाडी घरी कशी न्यायची? संशय येईल की लोकांना." नानांनी आवाज खाली आणला. "आणि भज्यांचा थर परत लावत नाही आम्ही. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलंय, 'तेवढा फेकून द्या, घरात कळता कामा नये.' आता पातळ म्हणू नका."

सुकुमार बाहेर येऊन हिशेब मांडू लागला. पद्मजाला भजी माहीत होती. म्हणजे आपल्या हातात तिच्याविरुद्ध काहीच नाही, आणि तिच्या हातात सगळं. आणि दर बुधवारी ती अशा कुठल्यातरी जागी जात होती, जिथली साधी धूळसुद्धा साक्षीला उरत नव्हती.

पुढच्या बुधवारी त्यानं शेजाऱ्याची स्कूटर घेतली आणि हेल्मेट घातलं. सांगलीत हेल्मेट घालणारा माणूस आधीच संशयास्पद, त्यामुळे चौकाचौकांत लोक वळून बघत होते. पांढरी गाडी नानांकडे थांबली, निघाली, मिरज मागं टाकून म्हैसाळ रस्त्याला लागली आणि 'पशुखाद्य भांडार' अशी पाटी असलेल्या एका लांबलचक शेडमधे शिरली.

सुकुमार मागच्या दारानं आत घुसला. पेंडीचा वास येईल असं त्याला वाटलं होतं. आला तो लिंबाचा. आणि आवाज आला, तो ऐकून त्याला क्षणभर कळेचना की हे काय आहे. इतकं पाणी एकदम पडताना त्यानं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

जुन्या काळचं गाडीधुणं होतं ते. माणसाहून उंच निळे ब्रश गरागरा फिरत होते, वरून पाणी कोसळत होतं, फेसाचे ढीग लोटत होते. गाड्या एकामागून एक रांगेत उभ्या होत्या. सुकुमारनं प्रत्येक गाडीत वाकून पाहिलं. प्रत्येकीत एकच माणूस होता. एका गाडीत एक डॉक्टर, एकीत कुणी वर्दीतला, एकीत डोळे मिटून बसलेली एक म्हातारी. शेजारची सीट सगळ्यांची रिकामी. भानगडी त्यानं पुष्कळ पाहिल्या होत्या, पण एकट्यानं केलेली भानगड तो पहिल्यांदाच बघत होता.

"गाडी कुठंय?" गमबूट घातलेली एक दणकट बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. तिला सगळे मालनमावशी म्हणत होते.

"स्कूटर आहे."

"स्कूटरला काचा नाहीत. रिक्षा असली तर प्लॅस्टिकचे पडदे सोडून घेते मी आत. स्कूटरवाल्याला काय छत्री धरू?"

"हे बेकायदेशीर आहे."

"पाणी बंदीच्या आधीचं आहे," मालनमावशी शांतपणे म्हणाल्या. "तेच गाळून गाळून फिरवते. नवीन थेंब घेत नाही. आणि बाबा, गाडी धुवायला इथं कोण येतंय?"

समोर पांढरी गाडी ब्रशांच्या तोंडाशी पोचली होती. सुकुमार धावला, दार उघडलं आणि फेसासकट आत जाऊन बसला.

पद्मजा दचकली नाही. "दार बंद कर. फेस आत येतोय."

घरी ती त्याला 'अहो' म्हणे, कारण आक्का कायम ऐकू येईल इतक्या अंतरावर असत. लग्नाआधी ती असंच बोलायची, 'कर', 'ये', 'गप रे'. हे तो पार विसरला होता.

"कोण आहे तो?" त्यानं विचारलं.

"कोण?"

"जो कोणी आहे तो."

"डिकी उघडून बघायचीय?"

त्याला खरंच बघायची होती. पण तेवढ्यात ब्रश काचांवर आले, फेसानं चारी बाजू झाकल्या आणि गाडीत पांढरा अंधार झाला.

"आता बघ," पद्मजा म्हणाली.

"काय बघू?"

"काहीच नाही. तेच." तिनं मान मागं टेकवली. "घरात आक्का. पतपेढीत काउंटरपलीकडची गर्दी. रस्त्यावर कॅमेरे. मोबाइलवर तू, 'कुठं आहेस, कुठं आहेस'. निदान गाडीत तरी एकटी असेन म्हटलं, तर गाडी चुगल्या करायला लागली. इथं फेस आला की मी कुठंच नसते. थोडाच वेळ. पण कुठंच नसते."

"एकटीच?"

"एकटीच."

"मग लपवलंस कशाला?"

"सांगितलं असतं तर पटलं असतं तुला? 'मी दर बुधवारी फेसात बसून येते' म्हणून?"

सुकुमारनं प्रामाणिकपणे विचार केला. असा दावा घेऊन कुणी आलं असतं, तर त्यानं पहिल्या बैठकीत फेटाळला असता. "नाही."

"कुणीतरी आहे म्हटलं असतं, तर लगेच पटलं असतं. कुणीच नाही, याचा पुरावा मी कुठून आणू?"

पाणी टपावर वाजत होतं. सुकुमारनं हळूच विचारलं, "भज्यांचं कधी कळलं?"

"पहिल्याच मंगळवारी. शर्टाचा वास घ्यायला काय यंत्र लागतं?"

"बोलली नाहीस."

"तुझी अंकली, माझं हे. मला वाटलं, फिट्टंफाट झाली." ती पहिल्यांदा हसली. मग त्याच्याकडचं दार दाखवून म्हणाली, "आता उतर. माझा अजून एक फेरा बाकी आहे."

"बाहेर पाणी चालू आहे, पद्मा."

"माहीत आहे मला."

तो उतरला. ब्रशानं त्याला एकदा पुढून आणि एकदा मागून घासलं. "सांगितलं होतं," मालनमावशी म्हणाल्या.

ऑक्टोबरच्या कडकडीत उन्हात, सांगलीत, नखशिखान्त ओला माणूस म्हणजे चालता-बोलता गुन्हा. घरी आक्का दारातच बसलेल्या असणार. भिजलास कुठं, हा पहिला प्रश्न येणार आणि त्याचा धागा ओढत त्या म्हैसाळ रस्त्यापर्यंत पोचणार. सुकुमार तडक नानांकडे गेला.

"माणसाला लावायची धूळ अजून निघाली नाही," नाना म्हणाले. "प्रयोग चालू आहेत."

आता एकच रस्ता उरला होता. खोटा दावा टिकवायचा असेल तर त्यात एक मोठं, लाजिरवाणं खरं घालावं; मग लोक पुढचं तपासत नाहीत. हे तो बदमाशांकडूनच शिकला होता. तो अंकलीच्या फाट्यावर गेला आणि एक प्लेट कांदाभजी खाल्ली. ती त्याला पहिल्यांदाच गोड लागली नाहीत. कर्तव्य म्हणून त्यानं आणखी एक प्लेट मागवली.

घरी पोचला तर पद्मजा नुकतीच येऊन गाडीची किल्ली खुंटीला लावत होती. गाडी कशी हवी तितकी मळलेली होती.

"अरे, भिजलास कशानं?" आक्कांनी माळ थांबवली.

"आक्का, मी भजी खाल्ली," सुकुमार म्हणाला. "कांद्याची. दर मंगळवारी खातो. आज बुधवारीही खाल्ली."

पद्मजाचा हात खुंटीवरच राहिला.

"आणि मग पश्चात्ताप झाला," तो पुढं म्हणाला. "अंकलीच्या पुलाखाली नदीत उतरलो. डोक्यावरून बुडी मारली. पद्मजाला यातलं काही माहीत नाही."

आक्कांनी त्याच्याकडं बघितलं. ती नजर सुकुमारच्या ओळखीची होती, तो स्वतः लोकांकडं तसंच बघत असे. त्या उठल्या, जवळ आल्या, तोंडाचा वास घेतला आणि कपाळाला हात लावला. भजी सिद्ध झाली. मग त्यांनी त्याची ओली बाही नाकाशी धरली. बराच वेळ धरली.

"नदीला लिंबाचा वास येतो, होय रे?"

आक्कांनी बाही सोडली, पुन्हा पाटावर बसल्या, माळ उचलली.

"मालन अजून लिंबाचाच साबण वापरते म्हणायची," त्या माळेकडं बघत म्हणाल्या. "मी तिला म्हटलं होतं, चंदनाचा घे."

शुक्रवारी आक्का नेहमीसारख्या रिक्षानं बस्तीला निघाल्या. सुकुमार आणि पद्मजा खिडकीत उभे होते. रिक्षा बस्तीच्या वळणावर वळली नाही. सरळ मिरजेच्या रस्त्याला लागली. तिच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे पडदे गुंडाळून बांधलेले होते.

सुकुमारनं हेल्मेट उचललं.

पद्मजानं ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि पुन्हा खुंटीला अडकवलं.

"तू बस," ती म्हणाली. "चहा टाकते."